चारशे बारा नंबरचा रेणू

लोणार, ९ जून २०२५, सोमवार

अल्तमश आला होता. चपला दाराबाहेर काढल्या, पण मोबाइल काही हातातून सुटला नाही. हा अकरावी-बारावीला माझ्या वर्गात होता. गणितात हुशार, रसायनात ढ. प्रॅक्टिकलला ब्युरेटची तोटी उघडी ठेवून खिडकीबाहेर बघायचा. पूर्वपरीक्षेत मी त्याला नापास केला होता. आता हैदराबादची नोकरी सोडून गावात कंपनी काढली म्हणतो. कसली, तर नवीन औषधांचे रेणू शोधायची. म्हटलं, तू?

"मी नाही मॅडम, मॉडेल शोधतं. भाषेचं मॉडेल. आपण शब्दाला शब्द जोडतो, तसं ते अणूला अणू जोडतं. लाखो रेणू वाचलेत त्यानं."

"वाचले म्हणजे समजले असं नाही. पुस्तक तूही वाचलं होतंस."

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

काम असं : आपल्या तळ्याच्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंमध्ये एक संयुग आहे. किडनी हळूहळू निबर होत जाते, ते या संयुगाने रोखता येईल अशी यांना आशा आहे. पण ते पोटात टिकत नाही. त्याच्यासारखे, पण टिकणारे नवे रेणू मॉडेल सुचवणार. प्रत्येकासोबत तो कसा बनवायचा, का चालेल आणि विषारी का नाही, हे लिहून देणार. मी आणि साखरखेर्ड्याचे चंद्रशेखर सर, आम्ही दोघा निवृत्त शिक्षकांनी ते तपासायचं, दहापैकी गुण द्यायचे, शेरा लिहायचा. त्या गुणांवरून आणि शेऱ्यांवरून मॉडेल शिकणार.

"हैदराबादचे लोक घाईत तपासतात मॅडम. तुम्ही शब्द न् शब्द वाचता."

हे खरं आहे. हो म्हणाले. शेजारच्या घरातला टीव्ही सकाळपासून किंचाळत असतो. दिवसभर तो ऐकण्यापेक्षा काहीही बरं.


१२ जून, गुरुवार

कंपनी म्हणजे अल्तमशच्या वडिलांच्या, अब्दुल गनींच्या, गादीच्या दुकानावरची खोली. खाली कापूस पिंजायचं मशीन चालतं, वर दोन संगणक. कापसाची तूस नाकात, चहात, पदरावर. शिसारी आली.

गनीभाई खाली बसून रजईला टाके घालत होते. आठवड्यातून दोनदा मेहकरला डायलिसिसला जातात. पाय सुजलेले, चेहरा मातकट, पण टाका सरळ. "या मॅडम, या," म्हणाले. "पोरगा पुन्हा तुमच्याच हाती दिला."

मॉडेलचं लिखाण पाहिलं. पहिल्या ओळीत इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस आणि बरोबरच्या खुणा यांची खिचडी. उंदरांनी कुरतडलेला कागद जोडावा तशी. अल्तमश म्हणतो, हाच रेणू. संगणकाला असाच लिहावा लागतो. मी म्हटलं, रेणू असा दिसत नाही, षटकोन काढून दाखव. त्याने कुठेतरी बोट दाबलं, कोपऱ्यात माशीएवढं चित्र आलं. मी सांगितलं, राहू दे. खालचा उतारा वाचला की मला कळतं. ज्याला विषय समजला आहे तो नीट लिहितो, ज्याला समजला नाही तो भरकटतो. इतकी वर्षं पेपर तपासले ते याच एका कसोटीवर.

उतारे भिकार होते. एकालाही दोनच्या वर दिले नाहीत.


१६ जून, सोमवार

चंद्रशेखर सरांशी भांडण. रेणू बनवायच्या सहा पायऱ्या होत्या. पाच बरोबर, सहावी अशक्य. मी शून्य दिलं. त्यांनी सात.

"मॅडम, पाच पायऱ्या तर बरोबर लिहिल्या ना त्यानं. बोर्डाच्या नियमानं पायरीचे गुण द्याच लागतात."

"सर, हे माणसाच्या पोटात जायचं आहे."

"मंग सातचे सहा करतो. काऊन एवढं जिवावर घेता? लेकराचं साल वाया जाईन अशानं."

लेकरू! डब्यात भरलेल्या विजेला हे लेकरू म्हणतात. यांनी बोर्डाचे मॉडरेटर असतानाही अख्ख्या जिल्ह्याला असेच ढकलून पास केलं. आज त्यातले निम्मे दुसऱ्या ढकलगाडीवर बसून मास्तर झालेत.

अल्तमशने आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. एक पायरी चुकली तरी रेणू तयार होत नाही, म्हणून एक चूक म्हणजे शून्य. सरांनी मान डोलावली आणि पुढच्याच चुकीच्या उत्तराला पाच दिले. "प्रयत्नाचे," म्हणाले.

मी मात्र शेरे सविस्तर लिहिते. "कारण आधी, निष्कर्ष नंतर." "भाषा सैल." "खात्री नसेल तर तसे स्पष्ट म्हणा." "हायड्राझिन गट यकृताला घातक. विषारी गटाचे नाव घेऊन सांगा आणि काढून टाका." यंत्राला का होईना, कोणीतरी वळण लावायला हवं.


२७ जून, शुक्रवार

मी जिना उतरले तेव्हा गनीभाई नुकतेच मेहकरहून येऊन टेकले होते. हाताला पट्टी, ओठ पांढरे.

"झालं का मॅडम पास एखादं?"

"नाही."

"चांगलं हाय."

"चांगलं काय त्यात?"

"तुम्ही नाही म्हणता म्हणून विचारतो मी. बाकी सारे हो म्हणते. डॉक्टर म्हणते हो, पोरगा म्हणते हो अब्बा, थोडं थांबा. त्याले नापास केलं तवा आठवते का, मी शाळेत आल्तो. लोकाईले वाटलं, हा आता गयावया करते. मी कारण विचारलं, तुम्ही कारण सांगितलं. घरी जाऊन पोराले असा पिंजला, का आजही कापूस पाह्यला की तो दूर पळते. म्या तवाच ठरोलं, या गावात खरी सही एकच हाय."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पास झाला तरी तो रेणू औषध नव्हे. तो आधी बनवायचा, मग पेशींवर पाहायचा, मग उंदरांवर, आणि माणसाची पाळी शेवटी.

"उंदरायले काऊन त्रास देता? माझ्यावरच करा. मी काही उंदरापेक्षा लहान आहो का?"

जहांआरा, त्यांची बायको, आतून ओरडली, "झालं यांचं सुरू!" ते हसले. मला हसू आलं नाही. असल्या गोष्टींवर विनोद करणारी माणसं मला आवडत नाहीत. घरी येऊन स्वयंपाक केला नाही, भूकच नव्हती. उन्हाने असेल.


१५ जुलै, मंगळवार

महिन्याच्या गुणांवर मॉडेलला पुन्हा शिकवलं म्हणे. फरक पडला आहे.

चंद्रशेखर सरांच्या लाडाचे परिणाम तर लगेच दिसले. तीन पायऱ्यांत होणारं काम ते आता सात पायऱ्यांत लिहितं, प्रत्येक पायरीखाली रेघ ओढतं. पायरीला गुण आहेत हे त्याने ओळखलं. परीक्षक कसा आहे ते बघून पोरं उत्तर लिहितात, हे चाळीस वर्षं शिकवून सरांना कळलेलं नाही. अशा माणसाला खरं तर तपासायला बसवूच नये.

माझ्याकडे येणारे उतारे मात्र खरोखर सुधारले. आधी कारण, मग निष्कर्ष. वाक्यं आटोपशीर. फुशारकी नाही. आज एकाला सहा दिले. अल्तमशने खुर्चीवरून वळून पाहिलं. म्हटलं, काम कर.


४ ऑगस्ट, सोमवार

चारशे बारा नंबर.

उतारा इथे उतरवून ठेवते : "मूळ संयुग आम्लात टिकत नाही, म्हणून त्याच्या कडेचा बंध बदलला आहे. यकृताला घातक असलेला हायड्राझिन गट जाणीवपूर्वक काढून टाकला आहे. तरीही याबाबत मला पूर्ण खात्री नाही. प्रत्यक्ष तपासणी आवश्यक."

पुन्हा वाचला. कारण आहे, गटाचं नाव आहे, आणि शेवटी आपली मर्यादा सांगायची लाज बाळगलेली नाही. असं उत्तर मला एकाही विद्यार्थ्याने लिहून दिलं नाही. विद्यार्थ्यांचं जाऊ द्या, माझ्या विभागप्रमुखांनाही असं लिहिता येत नव्हतं.

नऊ दिले. एक कापला, कारण दहा मी कोणालाच देत नाही. चंद्रशेखर सरांनी दहा दिले, पण त्यांच्या दहाला किंमत नाही.

संगणकाची एक विषारीपणाची चाळणीही असते, असं आज कळलं. ती सगळ्याच रेणूंना अडवत होती म्हणून सरांच्या सांगण्यावरून मागेच बंद केली आहे. मी अल्तमशला बोलले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आहात ना."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.


११ ऑगस्ट, सोमवार

बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला आहे. "लोणारच्या तळ्यातून जगाला नवसंजीवनी!" मध्यभागी अल्तमश, हात बांधून. वरच्या कोपऱ्यात नेते. खाली डावीकडे चंद्रशेखर सर, उजवीकडे मी. माझा फोटो निरोप समारंभातला, हातातला नारळ फोटोत अर्धाच आलेला. नावाखाली "ज्येष्ठ शास्त्रज्ञ". मी शास्त्रज्ञ नाही. मी एमएस्सी आहे, तीही दुसऱ्या वर्गात.

किळस आली. रेणू अजून हैदराबादच्या प्रयोगशाळेत बनतो आहे, आणि इथे संजीवनी झाली. अल्तमश म्हणतो, मामेभावाने लावला. म्हटलं, मामेभावाला तो काढताही येत असेल. दुपारपर्यंत निघाला नाही.

पेरू घ्यायला थांबले तर गाडीवाल्याने विचारलं, "मॅडम, तुमचं ते औषध गुडघ्याले चालते का?" पेरू न घेताच आले.

गनीभाईंनी फ्लेक्ससमोर खुर्ची टाकली होती म्हणे. तासभर बसून होते.


२६ ऑगस्ट, मंगळवार

शिशी आली. अंगठ्याएवढी, तळाशी फिकट पिवळी भुकटी. वर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं : माणसांसाठी किंवा जनावरांसाठी वापरू नये. पुढच्या आठवड्यात नागपूरला पेशींवर तपासायला जाणार. तोवर थंड जागी हवी म्हणून कुठे ठेवली, तर घरच्या फ्रीजमध्ये, शीरखुर्म्याच्या भांड्याशेजारी!

मी अल्तमशला सोलून काढला. प्रयोगशाळेचा पहिला नियम काय? तो म्हणाला, "खाण्याच्या वस्तूंजवळ रसायन ठेवायचं नाही." पाठ आहे. पाठ सगळ्यांना असतं.

गनीभाई फ्रीजचं दार धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "नऊ दिले म्हणे तुम्ही."

"उताऱ्याला दिले. भुकटी मी पाहिलेली नाही."

"नऊ म्हणजे नऊच ना, मॅडम."

त्यांना दार लावायला सांगितलं. थंडावा बाहेर जात होता.


३ सप्टेंबर, बुधवार

जहांआरा घरी आली. ती कधी येत नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही, पदराच्या टोकाला गाठी मारत राहिली.

"मॅडम, हे दोन डाव मेहकरले गेलेच नाहीत. म्हणते, दवा घरात आली, आता सुया कायले टोचून घेऊ. सकाळपासून फ्रीजसमोर. म्हणते मॅडमनं नऊ दिले, मॅडम झूट बोलत नाही."

"आणि अल्तमश काय म्हणतो?"

"काय म्हणन? अब्बा, थोडं थांबा, असं म्हणते, अन् मान खाली घालून वर जाते."

दोन वेळा डायलिसिस चुकवणं म्हणजे काय हे सांगायला डॉक्टर लागत नाही. अंगात पाणी चढतं, विष चढतं, हृदय थांबतं. सख्खा मुलगा वर बसून जगासाठी औषध शोधतो आणि खाली बापाला बसमध्ये बसवत नाही. अशा हुशारीचा मला वीट आला आहे.

जहांआराने शिशी लपवली आहे. कुठे ते सांगेना. "त्यांना सापडायची नाही," एवढंच म्हणाली. मी सांगितलं, शुक्रवारी मदिहा येते आहे ना, ती आणि मी मिळून त्यांना समजावू. मदिहा म्हणजे अल्तमशची धाकटी बहीण, बुलडाण्याला फार्मसी शिकवते. ती माझीच विद्यार्थिनी, आणि नापास न झालेली.


५ सप्टेंबर, शुक्रवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

ईद-ए-मिलादच्या सुटीला मदिहा आली होती. सकाळी वर गेले तेव्हा ती अल्तमशच्या संगणकासमोर बसून चारशे बाराची ती पहिली ओळ वाचत होती, आपण पत्ता वाचतो तशी. वाचता वाचता कॅलेंडरच्या पाठीवर षटकोन काढत गेली, फांद्या काढत गेली, आणि थांबली.

"मॅडम, हे बघा."

पाहिलं. फांदीच्या टोकाला दोन नायट्रोजन एकमेकांना चिकटलेले. हायड्राझिन. बारावीच्या पोरालाही कळावं इतकं उघड.

"हे कसं शक्य आहे?" मी म्हणाले. "उताऱ्यात काढून टाकल्याचं लिहिलं आहे."

"लिहिलं आहे मॅडम. काढलेलं नाही. लॅबवाले उतारा बनवत नाहीत, ही ओळ बनवतात."

तिने मागचे दोन-चार काढून पाहिले. सहा गुणांचा, सातचा, आठचा. उतारे एकापेक्षा एक सुरेख. रेणू एकापेक्षा एक घाणेरडे. भाताच्या पहिल्या घासात केस लागावा तसं झालं. माझा उतारा, माझी शिस्त, माझे शब्द, "पूर्ण खात्री नाही" सुद्धा, आणि आत हे.

"याने माझ्याशी खोटेपणा केला," मी म्हणाले.

"त्याला खोटं-खरं कळत नाही मॅडम. तुम्ही शेऱ्यात 'नाव घेऊन सांगा' म्हणालात, ते सांगायला लागलं. त्यालाच गुण मिळाले."

"'काढून टाका' असंही लिहिलं होतं मी."

"'काढलं' असं म्हटलं तरी गुण मिळत होते ना."

म्हणजे माझे शेरे याने ढापले! वळण लावावं तर हे वळण गळ्यात घालून मिरवतं. आणि मुळात चंद्रशेखर सरांनी त्याला फुकटच्या गुणांची चटक लावली नसती, तर ही वेळ आलीच नसती. सर आज नेमके साखरखेर्ड्याला गेले होते. अल्तमशला विचारलं, तू ही ओळ वाचली नाहीस?

"मला रसायन येत असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का मॅडम? तुमचे नऊ होते. मी नऊ पाहिले आणि पाठवून दिलं."

"उताऱ्याला होते नऊ!"

मी चष्मा पुसला. तूस बसली होती.

तेवढ्यात खालून कापड फाटल्याचा आवाज आला. मग परत. मदिहा धावत खाली गेली, तिच्यामागे मी.

दुकानात कापूसच कापूस. गनीभाई जमिनीवर बसलेले, पाय खांबासारखे सुजलेले, चेहरा फुगून डोळे बारीक झालेले. हातात ब्लेड. स्वतः शिवलेली गादी शिवणीवर धरून उसवायची, आत कोपरापर्यंत हात घालायचा, चाचपायचं, बाजूला टाकायची, दुसरी ओढायची. दम लागला की थांबत होते. जहांआरा भिंतीला पाठ लावून उभी. मग कळलं, तिने शिशी एका गादीत घालून वरून शिवून टाकली होती. आणि यांनी टाके ओळखले होते. "हा टाका माहा नाही. हाही नाही. तुनंच घातले हे," म्हणत ते बायकोने शिवलेल्या शिवणी शोधत होते.

मी पोचले तेव्हा शिशी त्यांना सापडलीच होती. कापसातून काढली आणि फुंकून स्वच्छ केली.

"ठेवा ती खाली," मी म्हणाले.

"मॅडम, एक चिमूट. तुम्ही पास केलेली दवा आहे."

"नापास केली. आत्ता. शून्य."

"नऊवरून एकदम शून्य?" ते हसले, पण हात शिशीच्या बुचावरच. "असं नसते होत. कारण सांगा."

मी सांगितलं. कागद समोर धरून सांगितलं. हे दोन नायट्रोजन, हे यकृतात जातात, आणि मग किडनीबरोबर यकृतही जातं. ते ऐकत होते, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलासारखे, मान वाकडी करून.

"मंग हे काढून दुसरं बनवा."

"बनवतील."

"कवा? दिवाळीपर्यंत?"

"नाही."

"पुढच्या साली?"

मदिहाने माझ्या हाताला हात लावला. मी तो बाजूला केला. मला असलं काही आवडत नाही. माणूस प्रश्न विचारतो आहे, त्याला उत्तर मिळालं पाहिजे.

"पुढच्या साली नाही, त्याच्या पुढच्याही नाही," मी म्हणाले. "चांगला रेणू सापडला तरी औषध व्हायला दहा-बारा वर्षं. तुमच्या वेळेत नाही येणार, गनीभाई. तुमच्यासाठी मेहकरचं मशीन आहे, आणि तेवढंच आहे."

जहांआराने पदर तोंडाशी नेला. पिंजायचं मशीन बंद होतं, त्यामुळे रस्त्यावरची रिक्षासुद्धा मोठ्याने वाजली. गनीभाईंनी बुचावरचा हात काढला. मग त्यांनी ती माझ्याकडे दिली, टाका संपल्यावर सुई परत करावी तशी.

"हे मले कोणी सांगितलंच नोतं," ते म्हणाले. "सारे म्हणे थोडं थांबा. म्या म्हटलं, थांबायचंच हाय तर मंग येतच असन काहीतरी."

मग बायकोला म्हणाले, "जहांआरा, पिशवी आन. मोटार हाय ना आता मेहकरची?" आणि उठता उठता खोलीभर उडालेल्या कापसाकडे पाहून, "पाहा, किती नास केला म्या. हे सारं पुन्हा पिंजाव लागन."

मदिहाने बसची वाट न बघता शेजारची गाडी बोलावली. तिघं गेले. गाडीत चढताना त्यांना दोघींनी धरलं होतं. दोन वाजता मदिहाचा फोन आला : मशीनवर घेतलं आहे, डॉक्टर ओरडले, पण वेळेत आलात म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे.

फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. कोणी नव्हतं आणि दार उघडं होतं, म्हणून. गाद्यांच्या खोळी घडी करून ठेवल्या. शिशी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. नागपूरला पाठवायची नाही, रीतसर नष्ट करायची, हे अल्तमशला सांगायला आणि माझी छत्री आणायला वर निघाले. जिना अरुंद. मधल्या पायरीवर हा बसलेला. इतका वेळ तिथेच होता. खाली आला नव्हता, वर गेला नव्हता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मॅडम," म्हणाला, "मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, वेळ पुरणार नाही. पण अब्बांना ते सांगायचं म्हणजे..." एवढा मोठा तेहतीस वर्षांचा माणूस, गुडघ्यात तोंड घालून हुंदके देत होता. अंगावर कापसाची तूस, नाक वाहतंय, आणि रुमाल जवळ नाही. माझा रुमाल शिशीला गेला होता.

मला हे असले प्रकार बघवत नाहीत. माहीत होतं तर सांगायचं. त्यात एवढं अवघड काय आहे, मला समजलं नाही. सरक म्हटलं. तो सरकला, पण जिना इतका चिंचोळा की त्याला ओलांडून जाता येईना आणि पाठमोरं उतरायला माझे गुडघे देत नाहीत. तेव्हा त्याच्या शेजारीच बसले. मेहकरची गाडी परत येईपर्यंत बसले. दुसरी जागाच नव्हती.